‘माहीत नाही’ कुठे गेलं?

पवन ओव्हाळला सकाळच्या चहाबरोबर अभिप्राय लागायचे. विज्ञानात काम करणाऱ्या माणसांच्या मुलाखतींचा त्याचा ‘असं का बरं?’ हा पॉडकास्ट बरा चालला होता. नवा भाग आला की दुसऱ्या दिवशी लोणावळा स्टेशनबाहेरच्या टपरीवर उभा राहून, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन, तो पार तळापर्यंत वाचत जायचा. एक्सप्रेसवेवर कंटेनर चालवणारा एकजण दर वेळी ‘घाट उतरेपर्यंत पुरला’ एवढंच लिहायचा. एका शाळेतल्या बाई वर्गात ऐकवल्याचं कळवायच्या. कुणाला पवनचा आवाज आवडायचा, कुणाला तो पाहुण्यांना मध्येच तोडतो असं वाटायचं. विषय कुठलाही असो, एक गृहस्थ परग्रहावरची माणसं कधी येणार तेच विचारायचे. पवन सगळ्यांना उत्तर द्यायचा, त्या गृहस्थांनासुद्धा.

वटवाघळांच्या भागाखाली मात्र असा एक अभिप्राय आला, की उत्तर काय द्यावं ते त्याला सुचेना. लिहिणाऱ्याचं नाव ‘मनीमाऊ’. फोटोच्या जागी गुलाबी रिबीन बांधलेल्या मांजरीचं कार्टून. खाली लिहिलं होतं, ‘वटवाघळं एखादं लेणं अचानक सोडून का जातात, यावर बाई ‘आम्हाला माहीत नाही’ असं म्हणाल्या होत्या. ते कुठे गेलं?’

पवनने ते दोनदा वाचलं. चहा हातात निवून गेला. बाई तसं म्हणाल्या होत्या, हे खरंच होतं. आणि ते वाक्य भागात नव्हतं, हेही खरं होतं, कारण त्यानेच ते काढायला लावलं होतं. पण ते ऐकायला खोलीत होतं कोण? स्वतः पवन, त्या संशोधक बाई आणि कोमल.

ती खोली म्हणजे लोणावळ्यातल्या एका मागच्या गल्लीतल्या बंगलीचा वरचा मजला. मालक कैलास गराडे पूर्वी एका हॉटेलात मॅनेजर होते आणि वरची खोली पर्यटकांना देत असत. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्यांच्या बायकोने, सारिकावहिनींनी, पर्यटक बंद केले. पवनने खोली मागितली तेव्हा त्यांना बरंच वाटलं; दारू नाही, दंगा नाही, उलट हा माणूस शांतता हवी म्हणून धडपडणारा. पवनलाही ती जागा सोयीची होती. पाहुणे मुंबईचे असोत की पुण्याचे, लोणावळ्याला नाही कुणी म्हणत नाही. त्याने भिंतींना गाद्या लावल्या, खिडक्यांना गोधड्या ठोकल्या. घाट चढणाऱ्या मालगाडीची शिट्टी आत येऊ नये म्हणून काय काय उपाय केले, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

कोमल ढोरे तळेगावची. एकाच क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा आणि ती कॉम्प्युटर. पॉडकास्टची कल्पना दोघांची. माइकसमोर तो बसायचा, हेडफोन लावून ती. ध्वनिमुद्रण तिचं, काटछाटही तिची. पण काय कापायचं, ते मात्र पवन सांगायचा.

त्यालाही कारण होतं. अगदी सुरुवातीच्या एका भागात भूकंपाचे एक अभ्यासक आले होते. भला माणूस, चार वेळा ‘हे आज तरी सांगता येत नाही’ म्हणाला, आणि पवनही दोनदा म्हणाला की मला नीट समजलं नाही, पुन्हा सांगा. त्या भागाखाली कुणीतरी लिहिलं, ‘काहीच येत नसेल तर बोलावता कशाला? होस्टला तरी येतं का?’ त्याखाली दुसऱ्याने विचारलं, ‘आडनाव काय यांचं?’ तिसऱ्याने सांगितलं. आणि मग पहिल्याने लिहिलं, ‘मग बरोबर.’

एवढंच. दोन शब्द. कोमल ते वाचून म्हणाली, दुर्लक्ष कर, असली माणसं सगळीकडे असतात. पवनने मान हलवली. पण ढोरे आडनावाच्या मुलीला दुर्लक्ष करणं सोपं आहे, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते गेलं तरी पुरतं गेलं नाही. त्यानंतरच्या एकाही भागात कुणी ‘माहीत नाही’ म्हटलेलं श्रोत्यांनी ऐकलं नाही. पवनला एखादी गोष्ट समजली नाही, असंही कधी ऐकू आलं नाही. कोमल कधीमधी कुरकुरायची, की तू माणसांना गुळगुळीत करून टाकतोस. तो म्हणायचा, काढ.

म्हणून मनीमाऊचा अभिप्राय वाचून पवनच्या मनात जे पहिलं नाव आलं, ते कोमलचं. त्याने ते झटकलं. मग वटवाघळांच्या बाईंना फोन करून, भाग कसा वाटला असं सहज विचारल्यासारखं केलं. बाई परदेशी निघण्याच्या गडबडीत होत्या, भाग अजून ऐकलाच नव्हता.

पुढचा भाग सह्याद्रीच्या खडकांवर होता. लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसले, हे पाहुण्यांनी सांगितलं तेव्हा पवनला पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी टेबलावरच्या वह्या एकावर एक रचून दाखवल्या आणि कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. भागात अर्थातच त्याने एकदाच विचारलं आणि त्याला एकदाच समजलं. मनीमाऊने लिहिलं, ‘तुम्हाला तिसऱ्यांदा कळलं. आम्हालाही तिसऱ्यांदाच कळलं असतं. पहिले दोन काढून टाकले तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?’

या वेळी मात्र बाकीच्यांनी ते वाचलं. एकाने विचारलं, म्हणजे हे सगळं कापून जोडलेलं असतं का? दुसऱ्याने लिहिलं की त्याला आधीपासूनच शंका होती, होस्ट एवढा हुशार असूच शकत नाही. शाळेतल्या बाईंनी पवनची बाजू घेतली, तर त्यांनाच कुणीतरी विचारलं की तुम्ही यांच्या कोण. दोन दिवसांत भागाखाली खडकांबद्दल एक शब्द उरला नाही. जो तो पवनबद्दल बोलत होता. कौतुक करणारे होतेच, पण त्याला आता कौतुकातही खोच दिसायला लागली. ‘सर, तुम्ही किती सहज समजून घेता’ हे वाचून, हा टोमणा तर नाही ना, म्हणून तो त्या माणसाची जुनी लिखाणं चाळत बसला.

कोमलकडे बघण्याची त्याची तऱ्हाही बदलली. ती फोनवर काही लिहीत असली की त्याची नजर तिच्या अंगठ्याकडे जायची. ती हसली तर का हसली, गप्प बसली तर का गप्प बसली. मनीमाऊचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, ‘कोण का असेना, म्हणतंय ते चुकीचं नाही.’ पवनने ते वाक्य घरी नेलं आणि उलटसुलट करून पाहत राहिला. आमच्यासारख्यांनी, असं लिहिलं होतं मनीमाऊने. आमच्यासारखे म्हणजे कोण?

शेवटी त्याने सापळा लावला. मधमाश्यांवरचं ध्वनिमुद्रण संपलं, पाहुणे रिक्षात बसून स्टेशनकडे गेले आणि खोलीत दोघंच वायरी गुंडाळत होती. तेव्हा पवन म्हणाला, की नैनितालहून धूमकेतूंवर काम करणारे एक सर यायला तयार झालेत, पण पक्कं होईपर्यंत कुठे बोलू नकोस. असे कुणी सर नव्हते. कोमल खूश झाली. कधी येणार, काय विचारायचं, असं दोघं थोडा वेळ बोलत राहिली. तिच्या आनंदाकडे बघून पवनला स्वतःची थोडी लाज वाटली, पण त्याने मागे घेतलं नाही.

मधमाश्यांचा भाग आला. खाली मनीमाऊ होतीच. ‘हा भाग आवडला. धूमकेतूवाले सर कधी येणार? वाट बघतोय.’

विचित्र वाटेल, पण पवनला सुटल्यासारखं वाटलं. आता शंका उरली नव्हती.

त्याने कोमलला खोलीवर न बोलावता स्टेशनवर बोलावलं. दुपारची लोकल लागायला अवकाश होता, फलाटाच्या टोकाचं बाकडं मोकळं होतं. पवनने फोन तिच्या हातात दिला आणि ती वाचेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने वाचलं, आणि आधी तिला काही कळलंच नाही. नैनितालच्या सरांची बातमी बाहेर कशी गेली म्हणून ती चिंतेत पडली. मग पवनने सांगितलं, की असे कुणी सर नाहीतच.

कोमलने फोन त्याच्या हातात परत दिला.

‘म्हणजे तू मला पकडायला हे केलंस,’ ती म्हणाली.

‘तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.’

‘पवन, मला तुला जे सांगायचं असतं ते मी तुझ्या तोंडावर सांगते. कापू नकोस, हे तुला किती वेळा सांगितलं असेल? त्यासाठी मला मांजरीचं तोंड कशाला लावावं लागेल?’

पवनकडे पुरावा होता, आणि तो पुराव्याला धरून बसला. तिने पिशवीतून खोलीची किल्ली काढून बाकड्यावर ठेवली. लोकल आली तेव्हा ती मागे न बघता चढली. हेडफोन तिचेच होते, ते ती बरोबर घेऊन गेली.

रविवारी पवन सोमाटण्याला घरी गेला. त्याची आई, विठाबाई, पॉडकास्ट ऐकते हे त्याला माहीत होतं. भाकऱ्या थापताना शेजारच्या फळीवर फोन उभा करून ठेवायची. जेवताना तिने विचारलं, ‘कोमल लय दिस न्हाई आली. भांडलास व्हय तिच्याशी?’

त्याने नाही म्हटलं. मग विषय बदलायला म्हणून, तुला माझं बोलणं कसं वाटतं ते विचारलं.

‘आवाज ब्येस हाय,’ विठाबाई म्हणाली. ‘पन तितं तू माजा पवन वाटत न्हाईस. घरात सादं कायबी सांगितलं तर दोनदा ‘आं?’ करतूस. तितं कदी करत न्हाईस. सगळं तुला आदीच ठावं असल्यावानी.’

पवनने भाकरी मोडली आणि क्षणभर, अगदी एक क्षण, त्याच्या मनात आलं की मनीमाऊ ही आईच तर नसेल. मग त्याला स्वतःचंच कसंसं झालं. आईला फोनवर नाव शोधता यायचं, लिहिता यायचं नाही.

पुढची मुलाखत त्याने एकट्याने घेतली. मेंदू आणि भाषा यांवर काम करणाऱ्या डॉ. अनिता वर्तक पुण्याहून आल्या होत्या. माइक लावणं, आवाज बघणं, प्रश्न विचारणं, सगळं एकट्याने करताना त्याची तारांबळ उडाली, पण मनातून तो निश्चिंत होता. आता खोलीत फक्त दोघं.

बोलता बोलता विषय अर्धांगवायूवर गेला. वाचा गेलेल्या माणसाची वाचा परत कधीपर्यंत येऊ शकते, असं त्याने विचारलं. डॉक्टर थोड्या थांबल्या. म्हणाल्या, बहुतेक सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, असं आम्ही शिकतो आणि शिकवतो. पण खरं सांगायचं तर त्यापुढे काय, हे आम्हाला नीटसं माहीत नाही. मी स्वतः अशी माणसं पाहिलीत ज्यांना चौथ्या वर्षी शब्द सापडायला लागले. सगळ्यांना नाही. कुणाला सापडतील आणि कुणाला नाही, ते मी सांगू शकत नाही.

पवनने ती जागा स्वतःच्या हाताने कापली. वाटलं, पुण्याच्या एवढ्या मोठ्या डॉक्टर, आणि तीन वाक्यांत दोनदा माहीत नाही. ‘पहिल्या काही महिन्यांत होते’ इथे त्यांचं बोलणं संपवलं आणि तिथे आपला पुढचा प्रश्न जोडला. जोड कुठे आहे ते ओळखू येत नव्हतं. कोमलच्या तोडीचं झालं, असं त्याला वाटलं.

भाग आला त्याच संध्याकाळी मनीमाऊने लिहिलं, ‘डॉक्टर मॅडम चौथ्या वर्षाबद्दल जे बोलल्या ते का काढलं? ते पुन्हा ऐकायचं होतं. हात जोडून विनंती आहे, ते परत टाका.’

हे वाचलं तेव्हा पवन रिक्षात होता. त्याने रिक्षा थांबवली आणि रस्त्याच्या कडेला उतरून उभा राहिला. हात जोडून, हे शब्द त्या वेळी त्याला दिसलेच नाहीत. त्याला फक्त एवढंच दिसलं, की कोमल तिथे नव्हती, आणि तरीही कुणीतरी ऐकलं होतं.

त्याने डॉ. वर्तकांना फोन केला. शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, की मुलाखतीतलं काही त्यांनी कुणाला सांगितलं का. डॉक्टरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ‘मी कुणाला काही सांगितलेलं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण ते वाक्य तुम्ही का काढलंत, हे मलाही विचारायचं होतं. पहिल्या काही महिन्यांवर थांबलात, तर ऐकणारा माणूस त्यानंतर आशाच सोडून देईल.’ पवनने काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीवर गेला तो झडती घ्यायलाच. कुणीतरी चोरून माइक बसवलाय, याबद्दल त्याची खात्री झाली होती. त्याने भिंतीवरच्या गाद्या उतरवल्या, स्विचबोर्ड उघडला, टेबल उलटं केलं, कॉम्प्युटरमधला एकेक प्रोग्राम तपासला. किल्ली आधी कोमलकडेही होती, म्हणजे तिनेच जाण्याआधी काही ठेवलं असेल, हाही विचार करून झाला. धुळीने माखून, घामाघूम होऊन त्याने सगळं बंद केलं, कॉम्प्युटर, दिवे, पंखासुद्धा, आणि जमिनीवर बसला. कसला बारीकसा आवाज येतोय का, ते कान देऊन ऐकू लागला.

आवाज आला. त्याचाच आला.

‘नमस्कार, ‘असं का बरं?’मध्ये तुमचं स्वागत,’ असं तो कुठूनतरी म्हणत होता. पवनच्या अंगावर काटा आला. तो उठला, आवाजाच्या मागे गेला. आवाज बाथरूममधून येत होता. तिथे वर एक झरोका होता, काचेच्या पट्ट्यांचा, पाइप जाणाऱ्या बोळकांडीत उघडणारा. बादली पालथी घालून तो वर चढला आणि पट्ट्यांना कान लावला. खालच्या मजल्यावरच्या झरोक्यातून त्याचा आवाज सरळ वर येत होता, विहिरीतून यावा तसा. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्याने काय काय केलं होतं. आतला बाहेर जाईल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तो जिना उतरला आणि मागच्या दाराने गेला. दार उघडंच होतं. मागच्या खोलीत, झरोक्याखालच्या भिंतीला लावून पलंग होता आणि त्यावर कैलास गराडे उशांना टेकून बसले होते. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. सारिकावहिनी बाजूच्या स्टुलावर फोन धरून बसल्या होत्या. डॉ. वर्तकांचा भाग लागला होता. ‘पहिल्या काही महिन्यांत होते,’ असं डॉक्टर म्हणाल्या, लगेच पवनचा पुढचा प्रश्न आला, आणि कैलासभाऊंनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर जोरात थाप मारली. वहिनींनी भाग थोडा मागे नेला. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा त्याच जागी थाप. जिथे पवनने जोड दिला होता, नेमकं तिथे.

आज इतके महिने पवन या घरात येत-जात होता. कैलासभाऊ अंगणात खुर्चीवर दिसले तर तो लांबून मान हलवायचा आणि जिना चढायचा. या माणसाला काही कळत असेल, असं त्याने धरलंच नव्हतं.

‘वहिनी,’ तो दारातून म्हणाला, ‘मनीमाऊ म्हणजे तुम्ही?’

सारिकावहिनींनी मागे वळून पाहिलं. त्या दचकल्या नाहीत. एक दिवस हा येणार, हे त्यांनी बहुधा धरून ठेवलं होतं.

‘लिहिते मी,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणणं यांचं असतं.’

मग त्यांनी त्याला आत बसवून सगळं सांगितलं. दुखण्यानंतर पलंग या खोलीत हलवला होता, आणि पवनने वरची खोली घेतल्यावर तिथलं बोलणं झरोक्यातून ऐकू यायला लागलं. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं बरं नव्हे म्हणून त्यांनी आधी झरोका कापडाने बंद केला होता. पण कैलासभाऊ चिडले, बोटाने दाखवून दाखवून त्यांनी कापड काढायला लावलं. हॉटेलात दिवसभर चार भाषांत बोलणारा माणूस. गुजराती पाहुण्यांशी गुजरातीत थट्टा करणारा. आता ‘हो’ आणि ‘बस’ या दोन शब्दांवर आला होता. लोक येईनासे झाले. आले तरी यांच्याशी न बोलता वहिनींशीच बोलायचे. वर पाहुणा यायचा असेल त्या दिवशी ते सकाळपासून तयार होऊन बसत, धुतलेला शर्ट मागत. सगळं कळायचं, पण हळू. भरभर बोललेलं निसटून जायचं. पवनने एखादी गोष्ट पुन्हा विचारली, पाहुण्याने ती पुन्हा सावकाश सांगितली, की मग त्यांचा चेहरा उजळायचा. आणि महिन्याभराने तोच भाग फोनवर लावला, की नेमक्या त्या जागा गायब. ते पलंग बडवायचे. कुठे काय गेलंय ते वहिनी एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारायच्या आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं, की लिहायच्या. मांजर मुलीने शाळेत असताना काढलेल्या खात्यातली होती. ती कशी बदलायची ते वहिनींना ठाऊक नव्हतं.

‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा,’ त्या म्हणाल्या. ‘पण परवाचं ते चौथ्या वर्षाचं... यांना आता तिसरं सरत आलंय.’

पवन वर गेला आणि लॅपटॉप घेऊन आला. न कापलेली मुलाखत त्याने लावली. डॉक्टर थांबल्या, तो थांबा तसाच ऐकू आला. मग त्या बोलल्या. ‘चौथ्या वर्षी शब्द सापडायला लागले’ इथे कैलासभाऊंनी डोळे मिटले. ‘कुणाला सापडतील आणि कुणाला नाही, ते मी सांगू शकत नाही’ हेही त्यांनी ऐकलं. पवन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, हे वाक्य ऐकून ते खचतील. ते खचले नाहीत. त्यांनी एक बोट वर केलं. पुन्हा.

पवनने पुन्हा लावलं. निघताना वहिनी म्हणाल्या, ‘कोमलताई हल्ली दिसत नाहीत. बरी आहे ना तब्येत?’

तो दुसऱ्याच दिवशी तळेगावला गेला. कोमल फाटकापर्यंत आली, आत ये म्हणाली नाही. त्याने झरोक्यापासून सगळं सांगितलं. कैलासभाऊंच्या थापेपर्यंत आला तेव्हा तिचे डोळे भरले, पण ते पवनसाठी नव्हते.

‘सापळ्याचं सोड,’ ती म्हणाली. ‘कोमल, हे तू लिहिलंस का, एवढं विचारायला काय झालं होतं?’

‘तू नाही म्हणाली असतीस.’

‘हो. आणि तुला ते खरं वाटलं नसतं.’ तिने फाटकाला हात टेकला. ‘त्या आडनावाच्या कमेंटला मी दुर्लक्ष कर म्हणाले. तसं म्हणायला नको होतं. माझ्या अंगावर आलेलं नव्हतं ते. पण त्यानंतर तू मलाही त्यांच्यातच धरलंस, पवन. मला ते कळत होतं.’

तो नाही म्हणणार होता. म्हणाला नाही. तिने एका कंपनीत प्रशिक्षणाच्या ध्वनिफितींचं काम धरलं होतं आणि ते सोडणार नव्हती. परत येशील का, हे त्याने विचारलं; तिने सरळ नाही म्हणून सांगितलं.

पवनने डॉ. वर्तकांचा पूर्ण भाग पुन्हा टाकला आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात सांगितलं, की हे मी कापलं होतं. त्याखाली जे व्हायचं ते झालं. खोटारडा म्हणणारे आले, आधीच सांगितलं होतं म्हणणारे आले, आडनाव विचारणाराही एक आला. पवनने ते वाचलं आणि तसंच राहू दिलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की वडिलांना बोलणं शिकवायचा सराव आम्ही वर्षापूर्वी सोडून दिला होता, आज पुन्हा सुरू केला. त्याने ते कैलासभाऊंना वाचून दाखवलं. आणि कैलासभाऊंना स्वतःचे शब्द सापडतील की नाही, ते चौथं वर्षच सांगेल.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो आधीच सांगायचा, की खाली एक श्रोता आहे, तुमची हरकत असेल तर झरोका बंद करतो. एका प्राध्यापकांनी हरकत घेतली. पवनने पट्ट्या बंद केल्या आणि स्वतः खाली जाऊन कैलासभाऊंना कारण सांगितलं. ते दिवसभर रागावून भिंतीकडे तोंड करून पडले होते.

कोमलचा अभिप्राय काही महिन्यांनी आला, तिच्या स्वतःच्या नावाने, फोटोसकट. ‘पाहुणे छान. आवाज खराब. तू माइकच्या फार जवळ बसतोस. प्रश्न बरे होते.’

पवन टपरीवर उभा राहून ते वाचत होता. ‘बरे’ म्हणजे काय? मनापासून बरे, की टोचायला? जुन्या सवयीने त्याचं डोकं लगेच चालू लागलं, की हे सगळ्यांसमोर लिहिण्यामागे तिचा काय हेतू असेल, नुसतं त्याला कळवता आलं नसतं का. दोन घोट चहा होईपर्यंत त्याने तीन कारणं काढली. मग चौथं काढायच्या आधी त्याने तिला फोन लावला.

‘तू लिहिलंयस ते चिडून की खरंच?’ त्याने विचारलं.

‘खरंच,’ कोमल म्हणाली. ‘माइक चार बोटं लांब ठेव.’